गुन्हेगार कोणी ठरवले?

कैद्याला गाय-शेळी सांभाळायला दिली की तो सुधारतो, असे कौतुकाने सांगितले जाते. इतिहास मात्र उलटा प्रश्न विचारतो. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणांच्या कळपापर्यंत जात. जनावराचा स्वभाव त्यांना कोणी शिकवायचा? तरीही 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये देशभर लागू झाला आणि पारध्यांसारखे समाज जन्मानेच गुन्हेगार ठरले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेआड कोंडली गेली. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारही गुन्हा ठरली, पर्यायी पोट मात्र कोणी दिले नाही.

याउलट 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे भिंत नव्हती. कैदी बायकामुलांसह राहून शेती करत. माणूस विश्वासाने, कामाने आणि घराने सावरला. बाबासाहेबांच्या ग्रंथातला अंगुलिमालही हेच सांगतो.

म्हणून नंदुरबारच्या कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. शिक्षा भोगून परतलेल्याला शेळ्या द्या, पण मालकीने द्या. 2006 च्या वनहक्क कायद्यातला चराईचा हक्कही द्या. हक्काशिवाय दिलेली शेळी म्हणजे निव्वळ उपकार.

जय भीम!