पशुशाला आणि शिशुशाला

आईचे बोट धरून देवळात आलेल्या तीन-चार वर्षांच्या बालकाची दृष्टी प्रथम कोठे जाते, हे ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असेल त्यांस आमचे म्हणणे पटेल. ती देवाच्या मुकुटाकडे जात नाही. ती जाते गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे, गाभाऱ्यासमोरच्या नंदीकडे, सभामंडपाच्या फरशीत कोरलेल्या कासवाकडे. दत्ताच्या तसबिरीतील कुत्री किती, हे ते मोजून सांगते. आपल्या समाजातील बालकांचे पहिले प्राणिसंग्रहालय हे असे देवळातच असते. पुढे शिशुवर्गाची सहल निघते आणि तेच बालक खऱ्या वाघापुढे उभे राहते. या दोन दर्शनांच्या मध्ये शिक्षिकेने काय करावे? प्राणी गोष्टीतून शिकवावा, चित्रातून शिकवावा, की प्रत्यक्ष दाखवावा? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्यामागे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे.

मोराव्हियातील धर्मगुरू व शिक्षक कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. शब्दाआधी वस्तू मुलाच्या डोळ्यांपुढे यावी, हा त्याचा आग्रह. त्या पुस्तकाच्या आरंभी अक्षरओळख आहे ती प्राण्यांच्या आवाजांनी : कावळा, कोकरू, बदक, अस्वल, साप यांचे ध्वनी हेच तेथे अक्षरांचे उच्चार झाले आहेत. घोकंपट्टीच्या त्या काळात ही केवढी क्रांती होती! तथापि चित्राला चित्राची मर्यादा असतेच. कागदावर हत्ती आणि उंदीर सारख्याच चौकोनात बसतात. कागदावरचा साप सरपटत नाही.

प्रत्यक्ष प्राणी पाहावयाचे तर त्या काळी राजाचे दार गाठावे लागे. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन प्रासादातील पशुशाला १७५२ साली सम्राटाच्या हौसेतून उभी राहिली. आपल्याकडे पेशव्यांनीही पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना बाळगला होता. पशू हा तेव्हा वैभवाचा अलंकार होता. लंडनची प्राणिबाग १८२८ साली उघडली ती प्रथम सभासदांपुरतीच. सर्वसामान्य लोकांना पैसे भरून आत जाता येऊ लागले ते १८४७ साली. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. तिच्या आवारात घारापुरीचा तो प्रसिद्ध पाषाणहत्ती आणला गेला आणि १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा सांधण्यात आले. खऱ्या हत्तीआधी दगडी हत्ती पाहण्याचे भाग्य त्यामुळे मुंबईच्या अनेक पिढ्यांना लाभले. बडोद्याची कमाटीबाग १८७९ साली उघडली. सयाजीराव महाराज तेव्हा स्वतः विद्यार्थीदशेत होते. पुढे याच महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु तो कायदा मोठ्या मुलांचा होता. तीन ते सहा वर्षांच्या शिशूंना शाळेचे दार अजून उघडावयाचे होते.

त्या जुन्या पशुशालांतील दृश्य कसे असे? अरुंद कोठडी, जाड लोखंडी गज आणि गजांआड अखंड येरझाऱ्या घालणारा वाघ. मुलाला शिक्षिका सांगे, ‘हा वाघ, हा रानात राहतो.’ मूल मात्र पाही की हा कोठडीत राहतो. बालक कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवते. वाघ म्हणजे चार पावले जाऊन मागे वळणारा प्राणी, हाच पाठ त्याच्या मनावर ठसे. त्याच वेळी शाळेतही मूल बाकाशी जखडलेले असे. दोघेही आपापल्या गजांआड होते म्हणा ना!

म्हणूनच १९०७ हे वर्ष आम्हांस विलक्षण वाटते. त्या वर्षीच्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टर विदुषीने आपले पहिले बालगृह उघडले. बाकांवर खिळवलेल्या मुलांना तिने टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखरांची उपमा दिली आहे. तिने मूल बाकावरून उठवले. ते हिंडू लागले, वस्तू हाताळू लागले, हवा तितका वेळ पाहू लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेन येथे कार्ल हागेनबेक याने आपली नवी प्राणिबाग उघडली. तीत गजांऐवजी खंदक होते, खडक होते, मोकळे आकाश होते. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे मुळीच नाही. परंतु एकाच वर्षी मुलाचा बाक हलला आणि पशूचे गज निखळले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. अर्थात गज काढल्याने दृष्टी निवळतेच असे नव्हे. याच हागेनबेकने दूरदेशीच्या माणसांचीही प्रदर्शने मांडली होती, हे विसरता येणार नाही. खंदकांची ती पद्धत मात्र पुढे जगभर पसरली. हैदराबादचे नेहरू प्राणिउद्यान १९६३ साली उघडले ते अशाच मोकळ्या आवारांचे.

माँटेसरीबाईंनी नाव शिकवण्याची जी त्रिपदी रूढ केली, ती सेगाँ या फ्रेंच वैद्याकडून घेतलेली होती. प्रथम ‘हा वाघ, हा बिबट्या’ असे सांगावे. मग ‘बिबट्या कोणता?’ असे विचारून मुलाला बोट दाखवू द्यावे. आणि शेवटी बोट ठेवून ‘हा कोण?’ असे पुसावे. उत्तर चुकले तर रागे न भरता पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा. प्राण्यांच्या पाठाला ही पद्धत फार उपयोगी पडते. पण सहा वर्षांच्या आतील मुलाला बोलणारे पशू, पऱ्या यांच्या कल्पित कथा न देता सत्य सृष्टी द्यावी, असेही बाईंचे मत होते. येथे आपल्या परंपरेशी त्यांचा खटका उडतो. ज्या भूमीत पंचतंत्र जन्मले आणि जेथे चिऊ-काऊच्या गोष्टीवाचून घास गिळला जात नाही, तेथे हे कसे रुचावे?

या खटक्याचे उत्तर गिजुभाई बधेका यांनी दिले. त्यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. माँटेसरीची साधने त्यांनी स्वीकारली, परंतु गोष्ट सोडली नाही. उलट गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्रच त्यांनी लिहिले. त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभले आणि अनुताई वाघांसह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. पशू पाहण्यासाठी मुलाला पशुशालेत न्यावे लागते, एवढेच आपण जाणतो. येथे मुलाचे पशू हेच शाळेचे अंगण झाले! आपल्या बालशिक्षणाच्या इतिहासातील हे पान आम्हांस सर्वांत सुंदर वाटते.

या इतिहासातून काय घ्यावे? आमच्या मते गोष्ट आणि निरीक्षण यांत वैर नाही. त्यांचा क्रम मात्र सांभाळला पाहिजे. जवळचे आधी, दूरचे नंतर. ज्या मुलाने मांजराचे पंजे, तिचे दबकत चालणे नीट पाहिले आहे, त्यालाच वाघ पाहताना ‘ही तर मोठी मांजर!’ असा साक्षात्कार होतो. मुंगी, चिमणी, गाय, देवळाच्या तळीतील मासे आणि कासवे हे पहिले धडे होत. प्राणिबागेत नेल्यावर एका फेरीत चाळीस पिंजरे उरकू नयेत. दोन-तीन प्राण्यांपुढेच थांबावे. हत्ती सोंडेने गवत कसे उचलतो, पाणी कसे पितो, हे मुलांनी कंटाळेपर्यंत पाहावे. फोंडा तालुक्यातील बोंडल्याला गेले तर गव्यापुढे पाव तास बसावे. गोमंतकाचा तो राज्यप्राणी आहे. नावेही बिनचूक सांगावीत. वाघाला पट्टे, बिबट्याच्या अंगावर पोकळ ठिपक्यांचे झुबके, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके व डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली तो आफ्रिकेतून जुन्या ग्वाल्हेर राज्याच्या मुलखातील कुनोच्या रानात पुन्हा आणला गेला. ग्वाल्हेरच्या मुलांना हे अवश्य सांगावे.

शेवटचा पाठ दयेचा. प्राणिबागेतील पशूंना चिडवणे, खडे मारणे हा आज कायद्याने गुन्हा आहे. पण मुलाला कायद्याआधी वडिलांचे वागणे दिसते. पिंजऱ्याच्या जाळीवर काठी आपटून वाघाला उठवणारा बाप आपल्या मुलाला जे शिकवतो, ते दहा शिक्षिकांना पुसता येत नाही. आणि हा पाठ तर आपल्या देवळात केव्हाचा कोरलेला आहे. शीतलादेवीने गाढव जवळ केले, लक्ष्मीने घुबड, खंडोबाने कुत्रा. गोव्यात वाघ हा वाघ्रोदेव झाला. लोकांनी हिणवलेला असा एकही जीव नाही की ज्याला कोणा देवाने आपल्या पायाशी जागा दिली नाही. ज्या देवस्थानांच्या आवारात शिशुवर्ग भरतात, त्यांच्या चालकांस आमची एवढीच विनंती की, महागड्या चित्रतक्त्यांआधी मुलांना देवळाभोवती एक प्रदक्षिणा घालावयास लावावी, आणि वाटेत जेवढे जीव दिसतील, दगडी आणि जिवंत, तेवढ्यांपुढे थांबू द्यावे.