परागांचा हंगाम : सीमा कोणी आखावी?

साखर कारखान्याचा गळीत हंगाम कोणत्या दिवशी सुरू झाला आणि कोणत्या दिवशी संपला, हा प्रश्न वरवर पाहता पंचांगाचा वाटतो. हंगामी कामगाराला मात्र तो पोटाचा असतो. आमच्या पोफळीतही तेच. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात कोयनेचे पाणी उतरते. पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, आणि ते वर्ष १ जूनला सुरू होते. मग पाऊस आलेला असो वा नसो. निसर्ग तारखा घालीत नाही, माणूस घालतो. म्हणून त्या कोणत्या हिशेबाने घातल्या, हे विचारणे आपले काम आहे. परागांच्या हंगामाविषयी मी आज तेच विचारणार आहे.

वाऱ्याबरोबर आलेले पराग नाकाडोळ्यांत गेले की काही माणसांना शिंकांमागून शिंका येतात, डोळे चुरचुरतात, कोणाला दमा उठतो. लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी स्वतःच्याच अशा दुखण्याचे वर्णन १८१९ साली वैद्यांच्या सभेत वाचले. १८२८ साली त्यांनी आणखी रोग्यांची माहिती दिली आणि नमूद केले की, गरिबांत या रोगाचे एकही निश्चित उदाहरण आपल्या ऐकिवात नाही. गरिबांना तो खरोखरच कमी होत असेल; पण डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांचीच नोंद होते, हेही विसरता येत नाही.

पराग हेच कारण, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ च्या ग्रंथात दाखवून दिले. चिकट लेप दिलेल्या काचांवर पडलेले कण ते रोज सूक्ष्मदर्शकाखाली मोजत, आणि ती संख्या स्वतःच्या त्रासाशी ताडून पाहत. उंचावरची हवा तपासण्यासाठी त्यांनी पतंगाला काचा बांधून त्या वर चढवल्या. त्याच वर्षी आपल्या देशात डी. डी. कनिंगहॅम यांनी कलकत्त्याच्या तुरुंगांजवळील हवेतील कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ साली इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी मिनिटाला १० लिटर हवा ओढणारे यंत्र बनवले. त्यामुळे तासातासाची गणती शक्य झाली. मराठवाड्यात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, प्रा. एस. टी. टिळक यांनी असेच यंत्र घडवले आणि हवेतील पराग व बुरशीच्या बीजाणूंच्या अभ्यासाला पुढे नेले.

मोजणी झाली, पण हंगाम कोठे सुरू झाला म्हणायचा? एक रीत अशी : वर्षभरातील एकूण परागांपैकी अडीच टक्के पडले की आरंभ, साडेसत्त्याण्णव टक्के झाले की शेवट. हिशेब नेटका आहे. परंतु तो वर्ष सरल्यावरच कळतो. दुसरी रीत उंबरठ्याची. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांनी २०१७ साली गवतासाठी सुचवले की, सलग सात दिवसांपैकी पाच दिवस घनमीटर हवेत किमान ३ कण आणि त्या पाच दिवसांची बेरीज किमान ३० झाली, की त्यांतला पहिला दिवस हा आरंभ.

यात अडले आहे काय? समजा, रोग्यांना तीस दिवस रोज ६ गुणांचा त्रास होतो आणि औषधाने तो ४ वर येतो. फरक २ चा. तोच हंगाम साठ दिवसांचा धरला आणि उरलेले तीस दिवस निरोगी गेले, तर सरासरी फरक १ चा. औषध तेच, माणसे तीच. रेघ हलली आणि गुण निम्मा झाला. उलट रेघ फार आत ओढली, तर कडेच्या दिवसांत शिंकणारा माणूस हिशेबाबाहेर पडतो.

युरोपात गवत उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते. आमच्याकडे गवताला तुरे येतात ते पावसाच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात; त्याच दिवसांत भातकापणी आणि गवतकापणीची माणसे रानात असतात. हिवाळ्यात फुलणारी झाडे डिसेंबर ओलांडून जानेवारीत जातात. जानेवारीपासून बेरीज केली, तर त्यांचा एकच बहर दोन वर्षांत चिरला जातो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत तर ओल मिळाली की केव्हाही फुलते. त्याला आरंभ कोणता आणि शेवट कोणता?

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, कोकणच्या हवेचे वर्ष पावसाच्या वळणावर मांडावे. वीजगृहाचे पाणी जसे १ जूनपासून मोजतात, तसे. हंगामाची व्याख्या प्रयोगाआधी जाहीर करावी, निकाल पाहून नव्हे. आणि मोजणीचे यंत्र शहरातल्या गच्चीइतकेच कापणीच्या शेताजवळही असावे. विळा धरणाऱ्या बाईच्या शिंका कोणत्याच हंगामात बसल्या नाहीत, तर तो हंगाम आखण्यातच चूक झाली, असे समजावे.