मेहवासी (मेवासी)

मेहवासी : इंग्रजी अंमलातील कायदे, गॅझेटियर आणि स्वातंत्र्यानंतरचे घटनात्मक आदेश यांत आढळणारा, एरवी इंग्रजीत क्वचितच भेटणारा शब्द. ‘मेवास’ म्हणजे डोंगर-जंगलाने राखलेला, सरकारी वसुलीला सहजी न बधणारा मुलूख. तिथला सरदार, तिथला रहिवासी किंवा त्या मुलखासंबंधीचे जे काही ते ‘मेवासी’. इंग्रजीत हा शब्द मुख्यतः मुंबई इलाख्याच्या कारभारात रुळला आणि तोही दोन भागांपुरता : गुजरातेतील महीकांठा-रेवाकांठा आणि पश्चिम खानदेशातील तळोद्याच्या आसपासचा सातपुडा. गुजरातेत संखेडा मेवास व पांडू मेवास हे लहान ठाकुरांचे गट या नावाने ओळखले जात. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने तळोद्याकडच्या मेवासाबद्दल आहे.

लेखन : कायद्यातील प्रमाण रूप एम-ई-एच-डब्ल्यू-ए-एस-एस-आय असे आहे. त्याखेरीज ‘एच’ नसलेली, एकच ‘एस’ असलेली आणि शेवटी दुहेरी ‘ई’ असलेली रूपेही जुन्या कागदांत सापडतात. दुहेरी ‘एस’ला कारण आहे. इंग्रजीत दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ बहुधा ‘झ’सारखा वाचला जातो, आणि ‘मेवाझी’ होऊ नये म्हणून अक्षर दुपटीने लिहिण्याची पद्धत होती. पुढे दिलेल्या १८७४ च्या कायद्याच्या यादीतील ‘वसावा’ हे नावही दोन ‘एस’ घालूनच छापले आहे. ‘एच’चा उगम मात्र व्युत्पत्तीच्या एका समजुतीशी जोडलेला दिसतो. तिचा विचार पुढे केला आहे.

या शब्दासोबत छापली गेलेली नावेही नीट वाचली पाहिजेत, कारण त्यांनी अनेक वाचकांची दिशाभूल केली आहे. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्टच्या परिशिष्टात मुंबई इलाख्याखाली सहा मेहवासी सरदारांची गावे नोंदली आहेत : काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूर येथील ‘पारवी’, गव्हाळीचे ‘वालवी’ आणि चिखलीचे ‘वसावा’. यांतले ‘पारवी’ म्हणजे पाडवी. स्वरानंतरचा मराठी ‘ड’ इंग्रजी कानाला ‘र’सारखा ऐकू येई आणि कारकून तसाच तो लिहीत. पुण्याजवळच्या खडकीचे ‘किर्की’ झाले ते याच रीतीने. ‘वालवी’ म्हणजे वळवी, कारण ‘ळ’साठी इंग्रजीत अक्षरच नाही. पाडवी, वळवी, वसावे ही आडनावे आजही तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांत घरोघर आहेत. ‘पारवी’ नावाचे कोणी घराणे मराठीत शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही.

व्युत्पत्ती : दोन मते आहेत. पहिले मत ‘महीवासी’, म्हणजे मही नदीच्या काठी राहणारा, असे मूळ सांगते. गुजरातेतील मेवासी ठाकूर महीच्या खोऱ्यात मोठ्या संख्येने असल्याने इंग्रज अधिकाऱ्यांना ते पटले आणि शब्दात ‘ह’ घालण्याला आधार मिळाला. दुसरे मत ‘मवास’ या शब्दाकडे बोट दाखवते. दिल्ली सुलतानांच्या काळातील फारसी तवारिखांत, तेराव्या शतकातील मिन्हाज-इ-सिराज आणि चौदाव्या शतकातील झियाउद्दीन बरनी यांच्या लेखनात, लष्कराला दाद न देणाऱ्या दुर्गम आश्रयस्थानांना ‘मवास’ म्हटले आहे. जुन्या हिंदीतही ‘मवास’ म्हणजे आसरा किंवा गढी आणि ‘मवासी’ म्हणजे गढीचा धनी. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत ग्राह्य धरले आहे. ज्या मुलखांना तवारीखकार मवास म्हणतात त्यांत गंगा-यमुनेचा दोआबही येतो, आणि तिथे महीचा काही संबंध नाही. शब्द उत्तरेकडून दक्षिणेकडे आला आणि महीकाठी पोचल्यावर नदीच्या नावाशी त्याची सांगड घातली गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक. मेवाड आणि मेवात ही नावे वेगळी आहेत. रानमेव्यातील ‘मेवा’ हा फारसीतून आलेला फळवाचक शब्दही निराळाच.

अर्थ : गुजरातच्या मोगल व मराठा कारभारात गावांची ‘रास्ती’ आणि ‘मेवासी’ अशी विभागणी होती. रास्ती गाव ठरलेला सारा शिस्तीत भरी. मेवासी गावाचा धनी मात्र एकरकमी खंडणी देई, आणि तीही बहुधा फौज दारात आल्यावर. मराठ्यांची गुजरात-काठेवाडातील मुलूखगिरी हा अशाच वसुलीचा प्रकार. म्हणजे ‘मेवासी’ हा शब्द मुळात दफ्तराने दिलेला शेरा होता. इंग्रजी ग्रंथांत त्याचे अर्थ बंडखोर, लुटारू, उपद्रवी असे दिले गेले आणि पुढच्या लेखकांनी ते विनातक्रार उचलले. हे अर्थ जसेच्या तसे घेणे चुकीचे आहे. ज्याला दफ्तर उपद्रव म्हणते तो पुष्कळदा आपल्या रानावर, घाटवाटांवर आणि गावांवर असलेला जुना हक्क न सोडण्याचा निर्धार होता. १८०२ ते १८०४ दरम्यान स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला तेव्हा अनेक भिल्ल डोंगरांच्या आश्रयाला गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुलूख ताब्यात घेतला तेव्हा त्यांना दिसला तो हा विस्कटलेला खानदेश, आणि त्यावरूनच त्यांनी माणसांचा स्वभाव ठरवला.

तळोद्याचा मेवास : तळोदा हे तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. सहाही मेवासी इस्टेटी याच तालुक्याला जोडून होत्या आणि त्यांचा बराचसा मुलूख आज अक्कलकुवा तालुक्यात येतो. लोक त्यांना ‘संस्थान’ म्हणतात. काठी संस्थानची राजवाडी होळी दूरदूरच्या आदिवासींना आजही काठीला आणते. कायद्याच्या दृष्टीने मात्र कोल्हापूर-सांगलीसारखी ही तहनाम्याची संस्थाने नव्हती. सरदारांचे हक्क मर्यादित होते आणि त्यांच्यावर खानदेशच्या कलेक्टरची देखरेख असे.

१८७४ च्या कायद्याने शब्दाचे नशीब पालटले. परिशिष्टातील प्रदेशांना सर्वसाधारण कायदे आपोआप लागू होत नसत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली निघालेल्या आदेशात हीच सहा नावे ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रां’त आली. शहादा, नंदुरबार व तळोदा तालुके, नवापूर पेटा आणि अक्राणी महालही त्या यादीत होते. १९५० च्या अनुसूचित क्षेत्र आदेशातही मेहवासी सरदारांची गावे म्हणून तीच ओळ, त्याच वर्णलेखनासह, पुन्हा छापली गेली. फरक होता तो हेतूचा : पूर्वी ज्या वेगळेपणामुळे इथले लोक सर्वसाधारण कायद्यांबाहेर राहिले, त्याच वेगळेपणातून आता आदिवासींच्या जमिनीच्या संरक्षणाला आधार मिळाला. वसुलीच्या वहीतला शेरा संरक्षणाच्या तरतुदीत येऊन बसावा, ही या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

सरदारांचे मालकीहक्क ‘वेस्ट खानदेश मेहवासी इस्टेट्स (प्रोप्रायटरी राइट्स अ‍ॅबोलिशन, इ.) रेग्युलेशन, १९६१’ या नियमाने संपले. तो ‘अ‍ॅक्ट’ नसून ‘रेग्युलेशन’ आहे, कारण घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रासाठी असे नियम राज्यपाल करतात. १९८५ मध्ये महाराष्ट्रासाठी नवा आदेश निघाला. त्यात तत्कालीन धुळे जिल्ह्यातील तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, नवापूर हे तालुकेच नावाने घेतले असल्याने सरदारांची यादी उरली नाही. १ जुलै १९९८ रोजी हे तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात आले.

आजचा वापर : इंग्रजीत हा शब्द आता बहुतेक इतिहासलेखनातच दिसतो. मराठी सरकारी व्यवहारात तो जिवंत आहे, कारण वनखात्याच्या तळोदा येथील विभागाचे नावच ‘मेवासी वनविभाग’ आहे. मराठीत लिहिताना ‘मेवासी’ हेच रूप घ्यावे. ‘मेहवासी’ फक्त कायद्याचे नाव उद्धृत करताना वापरावे. जुन्या दफ्तरात शोध घेणाऱ्याने ‘एच’सह आणि ‘एच’विना, एका ‘एस’ने आणि दोन ‘एस’ने अशी सगळी रूपे तपासावीत, आणि जिल्ह्याच्या जागी १९०६ पूर्वीसाठी खानदेश, त्यानंतर पश्चिम खानदेश, पुढे धुळे पाहावे.