लोकल बोर्डाचा दवाखाना

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवेचा इतिहास ज्याला शोधावयाचा आहे, त्याने रुग्णालयांच्या कोनशिलांपूर्वी जमीनमहसुलाचे दप्तर उघडावे. कारण शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा याप्रमाणे वसूल होणारा आणि १८६९ च्या कायद्याने कायम झालेला जो लोकल फंड, त्याच्याच आधाराने इलाख्यातील रस्ते व शाळा झाल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने चालू लागले. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ मध्ये, जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली खरी, परंतु अध्यक्षाच्या खुर्चीवर कलेक्टरसाहेबच विराजमान असल्यामुळे पट्टी रयतेने भरावी आणि मंजुरी कचेरीने द्यावी, असा हा कारभार होता.

या अर्धवट स्वराज्याची खरी कसोटी प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ही साथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते त्याच वस्तीत फिरणारे वैद्य होते आणि महापालिकेचे सभासदही होते, व या दोन नात्यांचा संयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. तथापि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा होताच सरकारने स्थानिक संस्थांना बाजूस सारले. मुंबईत जनरल गॅटेकर यांची समिती आली. पुण्यात, नगरपालिका अस्तित्वात असताना, रँडसाहेबांच्या हाती सर्व अखत्यार गेला, आणि गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडती घ्यावी, रोग्यास इस्पितळात आणि आप्तांस विलगीकरणाच्या छावणीत न्यावे, असा क्रम सुरू झाला. विलगीकरणाचे शास्त्र त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे अगदीच निराधार नव्हते. पण ज्यांना देवघर कोणते आणि माजघर कोणते हे ठाऊक नव्हते, त्यांच्या हातून ते राबविले गेल्यामुळे लोक रोगी लपवू लागले, आणि ज्या उपायाने साथ आवरावयाची तोच लोकांच्या भयाचे कारण झाला. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे सर्वश्रुत आहे.

१९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य हे खाते प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविले, आणि १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांचे अधिकार वाढले. उत्पन्न मात्र तुटपुंजेच राहिले. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. त्यामुळे खेड्यातील बाई, उपकेंद्रावर परिचारिका का येत नाही, हे आपल्या गटाच्या सभासदाला तोंडावर विचारू शकली. हा लाभ लहान नव्हे, कारण मुंबईच्या सचिवालयाला असा जाब विचारण्याची सोय तिला कधीच नव्हती.

परंतु विभागणी तेव्हाही पुरी झाली नाही. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा रुग्णालय राज्य शासनाच्या सिव्हिल सर्जनकडे, असे एकाच जिल्ह्यात दोन धनी राहिले. परिचारिका परिषदेची नोकर, तर त्याच केंद्रातील डॉक्टर शासनाच्या सेवेतला, आणि त्याची बदली मुंबईहून होणारी. सभासदाने सभेत कितीही कळकळीने प्रश्न मांडला तरी डॉक्टरची रिकामी जागा भरण्याचे सामर्थ्य परिषदेजवळ नव्हते, आणि अनुदानाची बहुतेक रक्कम वरूनच बाबवार ठरून येत असल्यामुळे औषधाचा पैसा औषधाला हवा तेव्हा मिळेलच असेही नव्हते. रुपयामागचा आणा देणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवालाही, जाब विचारण्याचा हक्क मिळाल्यानंतर, त्या जाबाचे उत्तर देऊ शकेल असा अधिकारी आपल्या तालुक्यात सापडत नव्हता.