गढ्याच्या वाटेवर

ग्रानादा शहरातल्या अल्बाइसिन या वस्तीवरचा एक स्पॅनिश लेख मी मराठीत आणत होते. अल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीवरची ही वस्ती. चढाच्या अरुंद गल्ल्या, मशिदींच्या जागी उभी राहिलेली चर्चे, जमिनीखालची पाण्याची टाकी. पहिल्याच ओळीत 'मूरांची वस्ती' असे शब्द होते. तिथेच अडले. तिथले लोक स्वतःला मूर म्हणत नव्हते. ते नाव 1492 साली त्यांचे शहर जिंकणाऱ्यांच्या भाषेतले.

ग्रानादा मी पाहिलेले नाही. पण जिंकली गेलेली एक जुनी वस्ती आमच्या जबलपुरातही आहे. एका रविवारी रिक्षा करून गढ्याला गेले.

गढा ही गढा-मंडला राज्याची जुनी राजधानी. जबलपूर वाढत गेले आणि ती शहराचा एक भाग होऊन बसली. राजा संग्रामशाहांच्या राज्यात 52 गड होते, असे परंपरा सांगते. त्यांचे नाव सांगणारा संग्रामसागर आणि काठावरचा बाजनामठ अजून आहेत. टेकडीवर एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर मदनमहाल उभा आहे. संग्रामशाहांच्या सूनबाई राणी दुर्गावती. मोगल सरदार आसफखानाशी लढताना 24 जून 1564 रोजी त्यांनी रणांगणावरच प्राण सोडला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, 1567च्या आरंभी, स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने ग्रानादात अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी जाहीर केली.

आपण या राजांना 'गोंड राजे' म्हणतो. गोंड हे नावही इतरांनी रूढ केलेले. ते लोक स्वतःला कोइतूर म्हणतात. संग्रामसागराच्या काठी बसल्यावर मला हे पहिल्यांदाच खुपले. कारण मोगलांनंतरही टिकलेले हे राज्य 1781 साली संपवले ते सागरच्या मराठ्यांनी.

माझे पणजोबा नागपूरहून सरकारी नोकरीसाठी इथे आले, म्हणजे या घटनेनंतर कितीतरी वर्षांनी. तरी आमच्या घरी जबलपूरचा इतिहास सुरू होतो तो 1817 पासून, 'इंग्रजांनी आपल्याकडून जबलपूर घेतले' या वाक्याने. आपण ते कोणाकडून घेतले, हे आजोबांनी कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही. अल्बाइसिनविषयी वाचताना मी सहजच हरलेल्यांच्या बाजूने उभी राहत होते. गढ्यात मात्र माझी भाषा जिंकणाऱ्यांची निघाली.

आणि माझा व्यवसाय? ग्रानादात 1568 साली बंड झाले, तेव्हा बंडखोरांची हाती लागलेली अरबी पत्रे राजसत्तेसाठी स्पॅनिशमध्ये आणण्याचे काम आलोन्सो देल कास्तियो करत होता. तो त्याच मुसलमान समाजातून आलेला वैद्य. अल्हाम्ब्राच्या भिंतींवरच्या अरबी ओळींचे अनुवादही त्यानेच केले. इकडे 1857 साली, गढ्याच्या राजवंशातले शंकरशाह यांच्याकडे देवीला उद्देशून लिहिलेली, शत्रूचा नाश मागणारी एक प्रार्थना सापडली. ती त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली. 18 सप्टेंबरला त्यांना आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या प्रार्थनेचा इंग्रजी अनुवाद इंग्रजांच्या इतिहासग्रंथात छापलेला आहे. दुसऱ्याचे शब्द आपल्या भाषेत आणणे हे नेहमीच पुण्याचे काम नसते. ते कोणासाठी आणि कोणाच्या हाती देण्यासाठी आणले, यावर बरेच अवलंबून असते.

घरी येऊन पहिली ओळ खोडली. 'मूरांची वस्ती'च्या जागी 'ग्रानादाच्या अरबीभाषक मुसलमानांची वस्ती' असे लिहिले. ओळ लांबली आणि थोडी जडही झाली, पण तशीच ठेवली.

त्या रात्री जेवताना मुलाने विचारले, "आई, गढ्यात काय पाहिलंस?" या वेळी मी 1817 पासून सुरुवात केली नाही.