दार ठोठावण्याची रीत

कामात गढलेल्या माणसाला हाक कधी मारावी, हा प्रश्न घरोघरचा आहे. संगणकाने तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. गंमत अशी की सुरुवातीला संगणकाला ही रीत ठाऊक होती. पुढे तो ती विसरला.

१९७१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीची पहिली आवृत्ती तयार झाली. एकाच संगणकावर अनेकजण काम करीत. 'राइट' ही आज्ञा दिली की एकाचा निरोप थेट दुसऱ्याच्या टर्मिनलवर उमटे. पण त्याच आवृत्तीत 'मेस्ग' नावाची आज्ञाही होती. तिच्यापुढे 'एन' हे अक्षर टाकले की असे निरोप बंद! हाक मारण्याची सोय आणि दार लावून घेण्याचा हक्क, दोन्ही बरोबरच आले.

१९८० साली बर्कले विद्यापीठात टपालाची वर्दी देणारी 'बिफ' आज्ञावली आली. हे नाव तिथल्या एका कुत्र्याचे. तो पोस्टमनवर भुंकत असे, ही आख्यायिका मात्र खरी नाही, असे आज्ञावलीच्या कर्त्यानेच सांगितले. हा बिफही 'एन' म्हटले की गप्प बसे.

मग आला ऑफिस ९७ मधला डोळे मिचकावणारा कागदाचा चाप, क्लिपी. पत्राचा मायना लिहायला घेतला की हा मदतीला हजर! त्यामागच्या संशोधनात एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी वापरणाऱ्याला मदत हवी असण्याची शक्यता गणिताने मोजत होते. बाजारात आलेल्या चापात ते गणित पुरते उतरले नाही. लोक वैतागले. २००१ च्या आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवला गेला आणि २००७ च्या आवृत्तीतून वगळला गेला. १९९९ च्या निबंधात हॉर्विट्झ यांनी तत्त्व मांडले होते, की वापरणाऱ्याचे लक्ष कुठे आहे आणि व्यत्ययाची किंमत किती, हे तोलूनच मध्ये पडावे.

वैताग एकवेळ परवडला, पण सवय धोक्याची. २००७ साली बाजारात आलेले विंडोज व्हिस्टा सुरक्षेसाठी वारंवार परवानगी मागे. हेतू चांगला होता. परंतु लोक न वाचताच 'होय' म्हणू लागले. रोज 'लांडगा आला' ओरडणाऱ्याकडे गाव लक्ष देत नाही, तसेच हे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे विचारणे कमी झाले आणि ते किती असावे, हे ठरवायला चार पायऱ्यांची सोय मिळाली. २०१८ साली विंडोज १० मध्ये 'फोकस असिस्ट' आले. जुना 'एन'च नव्या वेशात परतला म्हणा ना!

या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येते. बॅटरी संपून लिहिलेले पुसले जाणार असेल, तर संगणकाने जरूर ओरडावे. नवी आवृत्ती आली, एवढेच सांगायचे असेल, तर कोपऱ्यात चिठ्ठी ठेवून थांबावे. आणि दाराची कडी नेहमी आतल्या माणसाच्या हाती असावी.