हैदराबादेतील जुने घर विकताना

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत आपल्या अनेक कुटुंबांची आजोबा-पणजोबांच्या वेळची घरे आहेत. ती विकायची ठरली की आधी जुने कागद शोधावे लागतात. निजामाच्या काळातील खरेदीखते उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. भाषांतर आधीच करून ठेवावे. घरावरील बोजाचा दाखला, इथल्या बोलण्यात 'ईसी', १९८३ पासूनचा ऑनलाइन मिळतो. त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयातून काढावा लागतो.

खरी अडचण मात्र सह्यांची. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या कायद्याने मुलीही मुलांइतक्याच वारस असतात. सोलापूर-नांदेडला दिलेल्या आत्या-बहिणींचाही त्यात हिस्सा आहे. माहेरची साडी दिली की हक्क फिटला, असे समजणारे आम्हांला अजूनही भेटतात! बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्राची नोंदणी करावी. साध्या कागदावरची संमती चालत नाही. हे सगळे बयाणा घेण्याआधी मिटवावे. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास घेणारा १ टक्का टीडीएस कापून घेतो, तोही हिशेबात धरावा.